टाचणातले क्रियापद

समावेशक शिक्षण म्हणजे काय, याची व्याख्या भारतात आता कायद्यानेच केलेली आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या 2016 च्या कायद्याने असे म्हटले आहे की, ज्या व्यवस्थेत दिव्यांग आणि इतर मुले एकत्र शिकतात आणि अध्यापन-अध्ययनाची पद्धत निरनिराळ्या दिव्यांग मुलांच्या गरजांना योग्य रीतीने जुळवून घेतली जाते, ती व्यवस्था समावेशक होय. या व्याख्येचा पूर्वार्ध सर्वांच्या लक्षात राहिला आणि उत्तरार्ध बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिला. मूल वर्गात आले, हजेरीपटावर त्याचे नाव चढले, त्याला पुढच्या बाकावर बसवले, की समावेश झाला अशी समजूत रूढ झाली. पण कायद्याच्या शब्दांत जुळवून घ्यायचे आहे ते पद्धतीने, मुलाने नव्हे. हे जुळवून घेणे मंत्रालयातील परिपत्रकात होत नाही आणि शाळेच्या फलकावरही होत नाही. ते शिक्षकाच्या टाचणात होते किंवा मुळीच होत नाही. टाचण म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या तासाची लेखी पूर्वतयारी. त्यात पाठाचे उद्दिष्ट, लागणारे साहित्य, कृती आणि मूल्यमापन यांच्या ओळी असतात. त्यांपैकी उद्दिष्टाच्या ओळीतले शेवटचे क्रियापद, मग ते ‘लिहील’ असो, ‘वाचील’ असो वा ‘सांगेल’ असो, त्या तासाला वर्गातल्या कोणत्या मुलाला आत घ्यायचे आणि कोणाला दाराशी उभे ठेवायचे, हे तास सुरू होण्याआधीच ठरवून टाकते.

या विचारापर्यंत येण्यास बराच काळ गेला. प्रारंभी वेगळ्या मुलांसाठी वेगळी शाळा असा मार्ग होता. अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी 1900 मध्ये मुंबईत सुरू केलेली, पुढे दादरची म्हणून ओळखली गेलेली अंधशाळा ही त्या परंपरेतली, आणि ज्या काळात अंध मुलीला कोणी अक्षरओळखही करून देत नव्हते त्या काळात तिचे कार्य मोठेच होते. 1964 ते 1966 या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने अशा मुलांना शक्य तेथे सामान्य शाळेत आणावे असे सुचवले आणि 1974 मध्ये केंद्र सरकारने तशी योजना आखली. ती ‘एकात्म’ शिक्षणाची योजना होती, म्हणजे मूल सामान्य शाळेत यायचे, पण शाळा होती तशीच राहायची आणि जमवून घेण्याची जबाबदारी मुलाची असायची. 1994 मध्ये स्पेनमधील सालामांका येथे 92 देशांच्या सरकारांनी मिळून जे निवेदन मान्य केले, त्याने ही जबाबदारी उलटी फिरवली आणि बदलायचे ते शाळेने असे म्हटले. भारतात 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते, ते 2016 मध्ये 21 झाले; त्यांत डिस्लेक्सियासारखी वाचनलेखनातील विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता यांचाही अंतर्भाव झाला, म्हणजे जी मुले पूर्वी ‘ढ’ किंवा ‘विचित्र’ म्हणून मागच्या बाकावर जात, त्यांच्याकडे पाहण्याची कायद्याची नजर तरी बदलली.

परंतु समावेशाचा प्रश्न केवळ दिव्यांगत्वाचा नाही, आणि हे समजण्यासाठी छत्तीसगडमधील भिलाईला लागून असलेल्या चरोद्यासारखे गाव उपयोगी पडते. दुर्ग आणि रायपूर यांच्यामध्ये, हावडा-मुंबई लोहमार्गावर वसलेले चरोदा हे रेल्वेचे गाव आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, 1959 मध्ये पहिली झोतभट्टी पेटली, आणि कारखान्यात येणारे खनिज व कोळसा, तसेच तेथून बाहेर जाणारे पोलाद यांच्या मालगाड्यांचे डबे सोडवून-जोडून नव्या गाड्या जुळवण्यासाठी येथे मोठे यार्ड उभे राहिले. रेल्वेच्या माणसांच्या तोंडी त्याचे नाव ‘बीएमवाय’, म्हणजे भिलाई मार्शलिंग यार्ड. हा भाग 2003 पर्यंत दक्षिण-पूर्व रेल्वेत होता, तिचे मुख्यालय कोलकात्याला आणि पसारा बंगाल, ओडिशा, आंध्रचा किनारा ते थेट नागपूरपर्यंत. त्यामुळे बदलीने आणि भरतीने येथे आलेल्या कुटुंबांत तेलुगू, ओडिया, बंगाली आणि मराठी बोलणारी माणसे आली. भोवतालची खेडी छत्तीसगढी बोलणारी, आणि सरकारी शाळेचे मुख्य माध्यम हिंदी. मराठी माणूस तर छत्तीसगडला त्याही आधीपासून परका नव्हता. नागपूरकर भोसल्यांचा अंमल तेथे अठराव्या शतकाच्या मध्यापासून 1854 पर्यंत होता, आणि 1900 मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढणारे माधवराव सप्रे मराठी भाषकच होते.

अशा गावातील तिसरीच्या एखाद्या वर्गाची कल्पना करावी. शिक्षिका फळ्यावर चित्र काढून ‘पेड़’ असे लिहितात. छत्तीसगढी मुलाच्या घरी त्याला ‘रुख’ म्हणतात, तेलुगू मुलीच्या घरी ‘चेट्टू’, ओडिया घरी ‘गछ’, बंगाली घरी ‘गाछ’, आणि मराठी मुलगा मनात ‘झाड’ म्हणतो. पण ‘झाड़’ हा शब्द हिंदीत सहसा झुडपाला लावतात, म्हणून त्याने धिटाईने आपला शब्द उच्चारला तर तो अडाणी ठरण्याचा धोका असतो. छत्तीसगढीत ‘गोड़’ म्हणजे पाय आणि मराठीत ‘गोड’ म्हणजे साखरेसारखे. छत्तीसगढीत ‘पताल’ म्हणजे टोमॅटो, तर हिंदी पुस्तकातला ‘पाताल’ जमिनीखालचा. या मुलांपैकी कोणाच्याही बुद्धीत उणेपणा नाही, त्यांना वस्तू माहीत आहे, तिचे नावही माहीत आहे, फक्त शाळेला हवे असलेले नाव माहीत नाही. महाराष्ट्रात वाढलेल्या वाचकाला हे चित्र उलट्या बाजूने परिचित असते, कारण तेथे ऊसतोडणीच्या तळावरचे, वीटभट्टीवरचे किंवा मेळघाटातले कोरकू मूल या जागी उभे असते आणि मराठी ही शाळेची भाषा असते. चरोद्यात मात्र मराठी मूलच ‘वेगळ्या’ मुलांमध्ये मोजले जाते. आपली भाषा शाळेच्या दाराशी काढून ठेवण्याचा अनुभव ज्या समाजाच्या एका गटाला येतो, त्या समाजाने तो दुसऱ्या भाषेच्या मुलांना देऊ नये, एवढी अपेक्षा रास्त आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या 29 व्या कलमात शिक्षणाचे माध्यम व्यवहार्य असेल तेथवर मुलाची मातृभाषा असावे असे म्हटले आहे, आणि छत्तीसगडने 2007 मध्ये छत्तीसगढीला राजभाषेचा दर्जाही दिला. पण पाच भाषांच्या एका वर्गात पाच माध्यमे चालवता येत नाहीत. तेथे माध्यम एकच राहते आणि बदलावा लागतो तो पाठ.

याबाबतीत फलटणचा दाखला महत्त्वाचा आहे. अमेरिकेतून येऊन मराठी झालेल्या डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या मराठीत समाजाच्या निरनिराळ्या थरांनुसार बोली कशी बदलते यावर प्रबंध लिहिला आणि 1986 मध्ये तेथेच कमला निंबकर बालभवन ही मराठी शाळा सुरू केली. ज्या व्यक्तीने ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ यांतला फरक व्याकरणाचा नसून बहुधा सामाजिक प्रतिष्ठेचा असतो हे संशोधनाने पाहिले, तीच व्यक्ती पहिलीच्या मुलाला वाचायला शिकवण्याच्या कामात उतरली, ही मराठी शिक्षणाच्या इतिहासातली भाग्याची गोष्ट म्हटली पाहिजे. मुलाचा शब्द आधी स्वीकारायचा, तो फळ्यावर येऊ द्यायचा आणि त्याच्या शेजारी प्रमाणभाषेतला शब्द ठेवायचा, या रीतीत काहीही गमावले जात नाही. ‘रुख’ फळ्यावर आला म्हणून ‘पेड़’ शिकायचे राहत नाही. उलट रुखाचे छत्तीसगढी नाव पंजाबीलाही जवळचे आणि जुन्या मराठीलाही ओळखीचे आहे, हे त्या वर्गाला त्याच तासात कळू शकते.

आता प्रत्यक्ष पाठाकडे वळू. हातच्याची वजाबाकी हा प्राथमिक शाळेतला नेहमीचा अडसर आहे, आणि त्या पाठाच्या टाचणात उद्दिष्ट बहुधा असे असते : ‘विद्यार्थी दोन अंकी संख्यांची हातच्याची वजाबाकी वहीत पाच मिनिटांत बिनचूक लिहून सोडवील.’ हे वाक्य वरवर निर्दोष दिसते. बारकाईने पाहिले तर त्यात एक उद्दिष्ट आणि तीन अटी एकत्र शिवलेल्या आहेत. वजाबाकी समजणे हे उद्दिष्ट. वही, पाच मिनिटे आणि लिहिणे या अटी. ज्या मुलाच्या हाताचे स्नायू मेंदूच्या पक्षाघातामुळे, म्हणजे सेरेब्रल पाल्सीमुळे, पेन्सिलीवर टिकत नाहीत, ते मूल ‘लिहून’ या शब्दापाशी नापास होते. जे मूल सावकाश पण पक्के विचार करते, ते ‘पाच मिनिटांत’ या शब्दांपाशी अडते, आणि ज्या मुलीला दिसत नाही, ती छापील चौकटींच्या ‘वही’पाशी थांबते. यांपैकी एकालाही वजाबाकीत अडचण आली असे म्हणता येत नाही, कारण वजाबाकी त्यांना विचारलीच गेली नाही. शिक्षणशास्त्रात बेंजामिन ब्लूम यांनी 1956 मध्ये मांडलेल्या वर्गीकरणापासून उद्दिष्टाच्या शेवटी मोजता येणारे, डोळ्यांना दिसणारे क्रियापद हवे असा आग्रह आला आणि तो योग्यच होता, कारण ‘विद्यार्थ्याला समजेल’ एवढ्याने काहीच तपासता येत नाही. परंतु दिसणारे क्रियापद म्हणजे लिहिण्याचेच क्रियापद असा अर्थ आपल्या टाचणांनी केव्हा घेतला, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

हेच उद्दिष्ट असे लिहिता येते : ‘दशक मोडल्यावर त्याचे दहा सुटे होतात हे ओळखून विद्यार्थी दोन अंकी संख्यांची वजाबाकी करील आणि ती तशी का केली हे आपल्या परीने दाखवील.’ आता ‘दाखवील’ या क्रियापदात हाताने मांडणे, तोंडाने सांगणे, खुणेने सांगणे, ब्रेलमध्ये टोचणे आणि वहीत लिहिणे हे सर्व मावते, आणि तरीही गणिताची मागणी तिळभरही कमी झालेली नाही. उलट ‘का केली’ हे शब्द आल्याने ती वाढलीच आहे.

चरोद्यातील मुलांना या पाठासाठी साहित्य शोधत जावे लागत नाही, कारण मालगाडी त्यांच्या घरात रोज बोलली जाते. कोळशाच्या उघड्या डब्यांच्या गाडीला, म्हणजे रेकला, साधारण 58 डबे असतात. रिकाम्या काड्यापेट्यांचा तसा एक रेक वर्गात करता येतो. दहा-दहा पेट्या सुतळीत ओवून पाच माळा, आणि आठ पेट्या सुट्या. आता यार्डात 19 डबे तोडायचे आहेत. आठ सुट्यांतून नऊ जात नाहीत. मुले बहुधा येथे थांबतात, आणि शिक्षकाने त्यांना थोडा वेळ थांबू द्यावे, कारण या थांबण्यातच सगळा पाठ आहे. मग कोणीतरी म्हणते की एक माळ सोडा. सुतळी सुटते, दहा पेट्या खळखळत बाकावर पडतात, आणि पाच माळा व आठ सुटे यांच्या जागी चार माळा व अठरा सुटे होतात. डबे मात्र 58 च राहतात. अठरांतून नऊ गेले नऊ, चारांतून एक गेली तीन, उरले 39. फळ्यावर पाचावर काट मारून त्याच्या डोक्यावर चार लिहिण्याची जी खूण मुले वर्षानुवर्षे मंत्रासारखी करतात, ती खूण म्हणजे सुटलेली सुतळी आहे हे एकदा हाताला कळले की विसरले जात नाही. न दिसणारी मुलगी हे सर्व बोटांनी करू शकते. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला ते दिसते, मात्र त्यासाठी शिक्षकाने फळ्याकडे तोंड करून बोलण्याची सवय सोडली पाहिजे, कारण ओठ दिसेनासे झाले की त्या मुलाच्या दृष्टीने वर्ग मुका होतो. पेन्सिल न धरता येणारे मूल अंकांचे पत्ते सरकवून उत्तर लावते. आणि ज्या मुलाला हे पहिल्या दोन मिनिटांत कळले, त्याला गप्प बसवून ठेवण्याऐवजी असा प्रश्न देता येतो की, 58 मधून किती डबे तोडले तर माळ सोडावी लागणार नाही, अशा सगळ्या संख्या शोध. पुढे गेलेल्या मुलाला कंटाळत ठेवणे हेही त्याला वर्गाबाहेर ठेवणेच असते.

याच पाठात भाषेचा प्रश्न एका वेगळ्याच रूपाने समोर येतो. 58 ही संख्या मराठीत ‘अठ्ठावन्न’ आणि हिंदीत ‘अट्ठावन’, म्हणजे दोन्हींत आठ आधी बोलायचे आणि पन्नास नंतर, पण लिहिताना मात्र पाच आधी. म्हणून ऐकून लिहिणारी अनेक लहान मुले 85 लिहितात आणि त्यावर लाल फुली बसते. तेलुगूत हीच संख्या ‘याभै एनिमिदी’, पन्नास आठ, जशी लिहायची तशीच बोलायची. छत्तीसगढी खेड्यातल्या जुन्या माणसांची मोजणी ‘कोरी’ची, म्हणजे विसाची, तेव्हा त्यांच्या हिशेबी 58 म्हणजे तीन कोऱ्यांना दोन कमी, महाराष्ट्रातही विसांनी मोजणारी पिढी फार जुनी नाही. तेव्हा ज्या तेलुगू मुलीला हिंदीचे शब्द येत नाहीत म्हणून गणितात कच्ची समजले जाते, तिच्या घरची भाषा दशक-एकक या कल्पनेला शाळेच्या भाषेपेक्षा जवळची असते. तिने आपल्या भाषेत मोजून दाखवले तर तिचा संकोच जाईल, आणि त्याहून मोठी गोष्ट अशी की सर्व वर्गाला स्थानिक किंमत ऐकू येईल. महाराष्ट्रात 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ बरोबर ‘वीस एक’ असे वाचन सुचवले गेले तेव्हा मोठा गदारोळ झाला, विनोद झाले, भाषा बुडाल्याची हाकाटी झाली. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांच्या अडचणीकडे लक्ष वेधले, पण त्या गोंगाटात अडखळणाऱ्या मुलाचा आवाज कोणी फारसा ऐकला नाही. जोडशब्द टाकून द्यावेत असे त्यात नव्हते, एक जास्तीची वाट करून दिलेली होती, आणि समावेशक पाठाचे बहुतेक काम अशा जास्तीच्या वाटा करून देण्याचेच असते.

या रीतीला शिक्षणशास्त्रात ‘अध्ययनाची सार्वत्रिक रचना’ असे नाव आहे. अमेरिकेत व्हीलचेअर वापरणारे वास्तुशिल्पी रॉन मेस यांनी इमारतींसाठी सार्वत्रिक रचनेची कल्पना मांडली, म्हणजे उतार मागाहून जोडण्यापेक्षा नकाशातच काढावा. आणि 1984 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये स्थापन झालेल्या ‘कास्ट’ या संस्थेने ती पाठाच्या नकाशाला लावली. मुलाला विषयात ओढून घेण्याच्या वाटा एकाहून अधिक असाव्यात, माहिती पोचवण्याच्या वाटा एकाहून अधिक असाव्यात आणि जे कळले ते दाखवण्याच्या वाटाही एकाहून अधिक असाव्यात, अशी तिची तीन सूत्रे आहेत. वरच्या काड्यापेट्यांच्या पाठात तिन्ही आहेत, आणि त्याला ना यंत्र लागले ना अनुदान. याच सूत्राने मोठ्या मुलांसाठी मालडब्यावर रंगवलेला 11 अंकी क्रमांक घेता येतो : पहिले दोन अंक डब्याचा प्रकार सांगतात, पुढचे दोन तो कोणत्या रेल्वेच्या मालकीचा ते, त्यापुढचे दोन बांधणीचे वर्ष, नंतरचे चार त्या डब्याचा स्वतःचा क्रमांक, आणि शेवटचा अंक हा आधीच्या दहा अंकांवर ठरावीक गणित करून आलेला तपासणीचा अंक. असे क्रमांक मुलांनी रुळांजवळ जाऊन नव्हे, तर यार्डात काम करणाऱ्या आई-वडिलांकडून मिळवावेत. त्यात एक जास्तीचा लाभ असा की, ज्या पालकाला शाळेत केवळ तक्रार ऐकण्यासाठी बोलावले जाते, तो पॉइंट्समन या वेळी माहिती देणारा जाणकार म्हणून वर्गात येतो.

हे सारे पाश्चात्त्य नावांनी आले असले तरी त्याचा कस मराठी मातीत त्यापूर्वीच लागलेला आहे. ताराबाई मोडक यांनी 1926 मध्ये गिजुभाई बधेका यांच्याबरोबर नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला आणि माँटेसोरी पद्धतीचा प्रसार केला; पण माँटेसोरीची लाकडी साधने महाग होती आणि ती शहरातल्या सुखवस्तू घरांतल्या मुलांपर्यंतच पोचत होती. 1945 मध्ये त्या आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे गेल्या, तेथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या, आणि पुढे दोघींनी डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी ग्राम बाल शिक्षा केंद्र चालवले. शाळा उघडली आणि मुले आली नाहीत. अशा वेळी मुलांना आणि त्यांच्या आई-बापांना दोष देणे सोपे होते, त्या काळी तसे सर्रास होतही होते. ताराबाई आणि अनुताई यांनी आपल्या पाठाच्या अटी तपासल्या. मूल बालवाडीच्या इमारतीपर्यंत येत नसेल तर बालवाडी त्याच्या अंगणात न्यावी, त्यातून अंगणवाडी झाली. थोडे मोठे मूल गुरे राखायला जाते म्हणून येत नसेल तर शाळाच कुरणात भरवावी, त्यातून कुरणशाळा झाली. लाकडी साधने नाहीत तर खडे, शिंपले, बिया, पाने यांनी मोजावे आणि वर्गीकरण करावे. स्थळ बदलले, वेळ बदलली, साहित्य बदलले. इंद्रियांचे शिक्षण, भाषा, गणन ही उद्दिष्टे मात्र जी शहरातल्या मुलासाठी होती तीच वारली मुलासाठी राहिली, आदिवासी मूल म्हणून त्यांत कपात झाली नाही. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले, आणि आज चरोद्याच्या वस्त्यांतही तोच शब्द रोज उच्चारला जातो.

उद्दिष्टात कपात न करणे हा या विषयातला सर्वांत नाजूक भाग आहे. वर्गात एखाद्या मुलाला जमत नाही असे दिसले की दयाळू शिक्षक म्हणतो, ‘त्याला झेपेल तेवढेच करू दे’, आणि इतर मुले वजाबाकी करत असताना त्या मुलापुढे रंगवायला चित्र ठेवले जाते. शिक्षक चांगला आहे, हेतू चांगला आहे, मूलही शांत बसलेले आहे. आणि तरी वर्षाअखेर त्या मुलाच्या हाती दोनशे रंगवलेली चित्रे आणि शून्य गणित असते. दयेच्या पोटी केलेली ही वजाबाकी आहे, आणि तिचा हिशेब कोणी मागत नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या काही मुलांसाठी उद्दिष्ट खरोखरच वेगळे करावे लागते, हे मान्य केले पाहिजे; पण वेगळे म्हणजे दुसरेच नव्हे. त्याच काड्यापेट्यांत एखाद्या मुलाचे त्या दिवसाचे उद्दिष्ट दहा पेट्या अचूक मोजून एक माळ ओवणे असू शकते, आणि वर्गाला लागणारी माळ त्याने ओवलेली असली तर तो त्याच पाठाचा भाग असतो. यासाठीच वैयक्तिक शैक्षणिक आराखडा ही पद्धत उपयोगी आहे. अमेरिकेत 1975 च्या कायद्याने ती आवश्यक केली. तिचा गाभा म्हणजे मूल आज काय करू शकते, वर्षाअखेर काय करू शकले पाहिजे, त्यासाठी शाळेत आणि घरी कोण काय करील आणि पुन्हा कधी पाहायचे, एवढे एका कागदावर पालकांसह बसून लिहिणे. त्यात मुलाला ‘काय येत नाही’ याचीच यादी वाढत गेली तर तो आराखडा निरुपयोगी होतो.

लिहिणे हेच ज्या तासाचे उद्दिष्ट आहे, तेथे मात्र ‘दाखवील’ म्हणून सुटका करून घेता येत नाही. शुद्धलेखनाच्या पाठात लेखन हे साधन नसून साध्य आहे, तेव्हा तेथे वेळ वाढवावा, पेन्सिलीला जाड रबरी पकड लावावी, ब्रेलपाटी किंवा कळफलक द्यावा, पण लेखन टाळू नये. साध्य कोणते आणि साधन कोणते हे प्रत्येक पाठात नव्याने ओळखणे, हीच शिक्षकाच्या व्यवसायातली खरी विद्या आहे, आणि दुर्दैवाने छापील टाचणवह्यांनी तीच त्याच्याकडून काढून घेतली आहे. परीक्षेतही हाच गोंधळ आहे. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला दहावीच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळतो, ते योग्यच आहे. पण ज्या मुलाला दहा वर्षे वर्गात एकदाही तोंडी उत्तर देऊन गुण मिळाले नाहीत, त्याला शेवटच्या तीन तासांत दिलेली सवलत फार उशिरा येते.

या सगळ्याचा भार एकट्या वर्गशिक्षकावर टाकणे अन्यायाचे आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या 24 व्या कलमाने प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत जोखून त्याप्रमाणे जादा मार्गदर्शन करणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरवले आहे आणि त्याच कायद्याने प्राथमिक शाळेत 30 मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण ठेवले आहे. पण पाच भाषा, दोन दिव्यांग मुले आणि दोन इयत्ता एका खोलीत असतील तर 30 हा आकडाही लहान नसतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये विशेष शिक्षकांच्या नेमणुकीविषयी निकाल दिला आणि त्यानंतर 2022 मध्ये केंद्राने प्राथमिक स्तरावर 10 दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि वरच्या स्तरावर 15 मागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण अधिसूचित केले. जेथे एकच विशेष शिक्षक अनेक शाळांत फिरतो, तेथे तो मुलाला आठवड्यातून तासभर वेगळ्या खोलीत नेण्यापेक्षा वर्गशिक्षकाबरोबर बसून पुढच्या आठवड्याचे टाचण पाहील, तर त्याचा तो तास सर्व वर्गाच्या उपयोगी पडेल. शिक्षणसंस्थांनी आणि पालकसभांनी विशेष शिक्षकांची पदे भरण्याची मागणी जरूर लावून धरावी, आणि ती भरेपर्यंत थांबूही नये.

कारण एक गोष्ट आजच आणि विनाखर्च होऊ शकते. चरोद्यात असो, चंद्रपुरात असो वा चेंबूरमध्ये, मुख्याध्यापक टाचणवहीवर सही करतात. सही करण्यापूर्वी त्यांनी उद्दिष्टाच्या ओळीतले शेवटचे क्रियापद वाचावे आणि वर्गातल्या ज्या मुलाला ते करता येणार नाही त्याचे नाव शिक्षकाला विचारावे. नाव निघाले तर सही थांबवावी आणि दोघांनी मिळून ते क्रियापद बदलावे.